फ्रेममधले क्लोट्झ

क्लोट्झ कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्या घरातल्या खुर्च्या हलवतात.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते खोकं द्यायला. कुरिअरवाल्यानं आमचं पार्सल चुकून शेजारच्या व्हिलाच्या दारात ठेवलं होतं. जुलै महिना, दोह्यातल्या अबू हमूरच्या रस्त्यांवरचं डांबर मऊ झालेलं, आणि दारात काळा लोकरी कोट घातलेला, दाराएवढा उंच गोरा म्हातारा. खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं, माझ्या खांद्यावरून दिवाणखान्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काटास्ट्रोफं," म्हणाले.

अनर्थ म्हणजे, मला वाटलं, काही जळतंय. मी स्वयंपाकघराकडे धावले. परत आले तर ते आणि माझा नवरा प्रमोद मिळून सोफा ओढत होते.

"तुमचा सोफा प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता," त्यांनी मला समजावलं.

"कुठले प्रेक्षक?"

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत, एसीच्या यंत्रांची रांग आणि धुळीनं माखलेलं एक खजुराचं झाड होतं. पण ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की प्रमोदनं खजुराला नमस्कारच करायचा बाकी ठेवला. सोफा अजून तिथेच आहे. खरं सांगायचं तर जागा जास्त झाली.

क्लोट्झ जर्मन. व्यवसायानं नट आणि नाट्यदिग्दर्शक. त्यांची मुलगी कारीन उत्तरेकडच्या गॅस प्रकल्पावर इंजिनिअर होती. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी अंधारात यायची. बायको गेल्यावर तिनं बापाला दोह्याला आणलं आणि त्या मोठ्या व्हिलात ठेवलं. क्लोट्झ गाडी चालवत नसत आणि आमच्या भागात गाडी नसली तर माणूस घरातच मावळतो. म्हणून दर शुक्रवारी मी भाजीला जाताना त्यांना बरोबर घ्यायची. मी आठवड्याच्या सामानाची यादी रकान्यांत करते: थंड, कोरडं, जड. क्लोट्झना ते फार आवडायचं. "तुम्ही नेपथ्य सांभाळायला हव्या होतात," म्हणायचे. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी लाकडं फोडल्यासारखं होतं, एकेक ओंडका वेगळा.

त्यांची सगळी कारकीर्द मला अशी भाजीच्या ढकलगाडीमागे कळली.

पूर्व जर्मनीतल्या एका लहानशा गावात त्यांचा जन्म. वडील विटांच्या भट्टीवर. क्लोट्झ शाळेत कविता म्हणताना इतके रडले की मास्तरांनी त्यांना नाट्यशाळेत पाठवायला सांगितलं. तिथून पास होऊन ते जवळच्या शहरात नगरपालिकेच्या नाट्यगृहात लागले. लागले म्हणजे अक्षरशः नोकरीला. महिन्याचा पगार, रजा, पेन्शन. हे मी घरी सांगितलं तेव्हा नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या सासूबाईंनी चष्मा वर केला.

"नट? आणि पेन्शन? म्हणजे वसुली खात्यातल्यासारखा?"

"हो आई."

"मग एवढं तोंड पाडून कशाला असतो?"

तोंड पाडायला कारणं होती. पहिली काही वर्षं ते भाला धरून उभे राहिले. मग त्यांचा लांब चेहरा पाहून दिग्दर्शकानं त्यांना म्हाताऱ्यांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली. पंचविशीत ते सत्तरीचे राजे, कंजूष बाप आणि वेडे धर्मगुरू झाले. "आता मी खरंच सत्तरीचा आहे," टोमॅटो निवडत ते म्हणाले, "तर मला म्हाताऱ्याचं काम कोणी देत नाही." पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले. त्यांच्या विनोदी नाटकांनाही लोक काळे कपडे घालून यायचे, असं ते अभिमानानं सांगत. मग देश एक झाला, तरुण मंडळी कामासाठी पश्चिमेला गेली, शहर रिकामं झालं, नाट्यगृह शेजारच्या शहराच्या नाट्यगृहात विलीन झालं आणि नटमंडळींना घरी पाठवलं. निवृत्तीपर्यंतची वर्षं क्लोट्झनी शाळाशाळांतून वाहतुकीच्या नियमांची नाटुकली केली. त्यांत ते सिग्नल व्हायचे.

"सिग्नल?"

"बहुतेक वेळा लाल," ते म्हणाले.

मरणाचं त्यांना विशेष अगत्य. रंगभूमीवर ते विषानं, तलवारीनं, फासावर, थंडीनं आणि प्रेमानं मेले होते. संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं आणि क्लोट्झ आमचं भांडं परत करायला आले. बायकांनी सहज विचारलं, काका काय करतात? काकांनी भांडं टेबलावर ठेवलं, घसा धरला आणि आमच्या गालिच्यावर विष पिऊन मेले. चांगला बराच वेळ मेले. आधी जीभ जड झाली, मग डोळे फिरले, मग एक हात वाणाच्या ताटापर्यंत आला आणि थांबला. तिळगूळ धरलेल्या बायका श्वास रोखून उभ्या. मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "डावा गुडघा आता वेळेवर पडत नाही."

सासूबाईंनी त्यांना साखरपाणी दिलं. तेव्हापासून त्या त्यांना भाऊ म्हणू लागल्या. दोघांना एकमेकांची एकही भाषा येत नव्हती, तरी त्या मराठीत आणि ते जर्मनमध्ये तासन्‌तास बोलत. विषय बहुधा गुडघे असावा.

आता नाटकाकडे येते. आमच्या मराठी मंडळाचं वर्षाचं नाटक ठरलं होतं. सभागृह मिळालं होतं, पात्रं ठरली होती, आणि दिग्दर्शकाची बदली अबू धाबीला झाली. सांस्कृतिक सचिव मी, कारण मंडळात याद्या दुसरं कोणी करत नाही. त्यामुळे तालमी माझ्याच घरी, दिग्दर्शकाविना, चालू राहिल्या. तिसऱ्या दिवशी क्लोट्झ दारात.

"आवाजाचा त्रास होतोय का?" मी विचारलं.

"आवाजाचा नाही. तुम्ही सगळे बोलताय. ऐकत कोणीच नाही. भिंतीतूनही कळतं."

ते आत आले, खुर्च्या हलवल्या, डोळे मिटून बसले. त्या संध्याकाळपासून आमच्या मराठी फार्सचे दिग्दर्शक एक जर्मन गृहस्थ झाले, ज्यांना मराठीतला एकच शब्द यायचा, तो म्हणजे भाऊ.

फार्स साधा होता. एक कारकून रजेसाठी ऑफिसात सांगतो की आजोबा वारले. आजोबा वारून वीस वर्षं झालीत. साहेब सांत्वनाला घरी येतो आणि भिंतीवर आजोबांचा जुनापुराणा फोटो. कारकुनाचं काम इक्बाल परकारकडे होतं. इक्बाल मूळ रत्नागिरीचा, राहायला अल मुंतझात, सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर. मंडळातला सगळ्यात हुकमी हशा त्याचा.

"नॉखमाल," क्लोट्झ म्हणायचे. पुन्हा एकदा. इक्बालनं बायकोकडे चहा मागितला की नॉखमाल. परत मागितला की नॉखमाल.

"काय ओ सर, चहाच तर मागतोय."

"तुला चहा नकोय. मग मागतोस का?"

"स्क्रिप्टमधे हाय ना!"

"स्क्रिप्टला तहान लागत नाही."

इक्बाल माझ्याकडे वळला. "वहिनी, फार्स हाय की मयत? ह्यांना यल्ला, चला म्हणून घरी सोडून येऊ काय?"

पण आठवड्याभरानं त्यानं चहा मागितला तेव्हा मी खरंच उठून आधण ठेवलं. क्लोट्झ डोळे न उघडता म्हणाले, "आणखी वाईट होऊ शकलं असतं." ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

त्याच सुमारास कारीन एकदा फाटकाशी भेटली. तिनं उभ्या उभ्या सांगितलं की तिचं इथलं काम संपतंय. पुढचा प्रकल्प कोरियात. बापाचा इथं राहण्याचा परवाना तिच्या नोकरीवर, त्यामुळे त्यांनाही जावं लागणार. जर्मनीत, त्यांच्या गावातल्या वृद्धाश्रमात खोली घेतली आहे. नाटक झालं की त्याच आठवड्यात विमान.

"त्यांना माहीत आहे?"

"खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच विचारलं त्यांनी."

मी म्हटलं, मग नाटकाला येशील ना? त्यांचं हे शेवटचंच म्हणायचं. कारीन गाडीच्या दाराला टेकून उभी होती. अंगावर कामावरचं पिवळं जाकीट, डोळ्यांखाली काळं.

"वंदना, मी लहान होते तेव्हा रोज संध्याकाळी माझे वडील दुसऱ्याच कुणाचे तरी वडील असायचे. टाळ्या त्या मुलांना मिळायच्या. मी मोठी झाल्यापासून त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नाही, आणि ते त्यांना माहीत आहे."

ती भांडत नव्हती. हिशेब कधीच मिटवून टाकल्यासारखी बोलत होती, आणि मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी क्लोट्झ प्रवेशिका घेऊन माझ्याकडे आले. तिसऱ्या रांगेतली, कडेची. "ही कारीनला तुम्ही द्या," म्हणाले. "मी दिली तर ती नाही म्हणेल. मग मला ते 'नाही' जन्मभर सांभाळावं लागेल. तसा फार जन्म उरलेला नाही, पण खोली लहान आहे."

मी प्रवेशिका दिली. कारीननं ती जाकिटाच्या खिशात घातली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

इकडे तालमीत क्लोट्झना साक्षात्कार झाला. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हाच मुख्य माणूस आहे. सगळे याच्यासमोर खोटं बोलतात. याला जिवंत करा." म्हणजे भिंतीला मोठी चौकट, आणि चौकटीत खरा माणूस. हलायचं नाही, फक्त बघायचं. तीन जण लावून पाहिले. एकाला शिंक आली, एकाला फोन आला, तिसऱ्याची प्रकल्पावर शटडाऊनची ड्यूटी लागली. अखेर फेटा बांधून आणि मिशा चिकटवून क्लोट्झ स्वतःच चौकटीत शिरले.

आयुष्यभर राजे आणि धर्मगुरू केलेला माणूस निवृत्तीनंतर दोह्यात रजेसाठी मारलेला मराठी आजोबा झाला. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "म्हाताऱ्याचं काम मिळालं," एवढंच म्हणाले.

अडचण हाराची आली. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला चंदनाचा हार असतो, हे इक्बालनं त्यांना सांगितलं आणि क्लोट्झ उजळले. एका हारानं माणूस मेलेला कळतो! त्यांच्याकडे मरण सिद्ध करायला अर्धा अंक लागायचा. पण हार बघताच सासूबाई ताडकन उठल्या.

"जिवंत माणसाला फोटोत उभं करून वर हार? अजिबात नाही. वंदना, सांग भाऊंना."

मी सांगितलं. क्लोट्झ म्हणाले, हाराशिवाय नाटक नाही. सासूबाई म्हणाल्या, मग नाटक नाही. दोघंही आपापल्या भाषेत बराच वेळ बोलले आणि विशेष म्हणजे दोघांनाही दुसऱ्याचं कळत होतं. शेवटी सासूबाई आत गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या, क्लोट्झना खाली वाकायला लावलं आणि त्यांच्या कानामागे ठसठशीत तीट लावली.

"आता घाल हार," मला म्हणाल्या. "भाऊंना सांग, पुसायचं नाही."

क्लोट्झनी आरशात वळून वळून तीट पाहायचा प्रयत्न केला. दिसली नाही. "हे कशासाठी?"

"तुम्ही मरू नये म्हणून," मी म्हटलं.

ते आरशापासून वळले. डाव्या हातानं फेटा सारखा केला, जो आधीच सारखा होता.

प्रयोग शुक्रवारी दुपारी चारचा होता, एका भारतीय शाळेच्या सभागृहात. सहाला सभागृह रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून मी विंगेत फाइल घेऊन उभी. पडदा उघडला. चौकटीत क्लोट्झ. ते खरोखर फोटो वाटत होते. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी "कलर प्रिंट छान काढलीय" म्हणालेलं मला ऐकू आलं. तिसऱ्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारची कडेची खुर्ची रिकामी.

क्लोट्झना तिथून दुसरं काही दिसण्यासारखं नव्हतं. चौकट बरोबर तिच्यासमोर होती. ती तशी त्यांनीच लावून घेतली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

इक्बालनं साहेबाला फोन करून आजोबांना मारलं, मोठा हशा झाला, आणि मागचं दार उघडलं. कारीन आली. प्रकल्पावरून थेट. पायांत जड बूट, कपाळावर हेल्मेटचा वळ. वाकून, लोकांची माफी मागत ती त्या खुर्चीवर बसली. मी चौकटीकडे पाहिलं. क्लोट्झ हलले नाहीत. हलणार नव्हतेच. पण हाराचे पदर छातीवर वरखाली व्हायला लागले होते.

मी निवांत फाइल मिटली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा कारीन झोपली होती.

आधी मान कलली, मग ती सरळ सासूबाईंच्या खांद्यावर गेली. भाषा कळत नाही, अंगात आठवडाभराच्या कामाचा शीण, आणि सभागृहात एसी. तिला काय बोलणार? तरी मला इतका राग आला की सांगता येत नाही. हा एक माणूस, हे एक नाटक, आणि ही त्यांच्या डोळ्यांदेखत, अगदी समोर. सासूबाई मात्र खांदा न हलवता बसल्या होत्या. हसू आलं की पदर तोंडात धरत होत्या.

मंचावर भांडण रंगात आलं. साहेब, कारकून, बायको, सगळे एकमेकांवर ओरडतात, तो प्रवेश. इक्बालनं वरचा सूर लावायला तोंड उघडलं आणि त्याची नजर चौकटीवर गेली. मेलेल्या आजोबांचा हात उठला होता. तळवा खाली करून ते हवेत थोपटत होते. हळू. हळू.

इक्बालनं एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा तिसऱ्या रांगेकडे. मग त्यानं आपलं सगळ्यात मोठं वाक्य कुजबुजत म्हटलं. साहेब गोंधळला, पण तोही कुजबुजला. बायको कुजबुजली. तो सगळा प्रवेश, दार आपटण्यासकट, घरातल्या मोठ्या माणसाला जाग येईल या धाकात झाल्यासारखा झाला. लोकांना वाटलं बसवलंच तसं आहे. ते पण आवाज दाबून हसले, आणि आजपर्यंत मला भेटून सांगतात की काय कल्पना होती.

पडदा पडला. टाळ्यांसाठी सगळे रांगेत आले, क्लोट्झ आले नाहीत. चौकट रिकामी होती. लोक पांगले. सासूबाईंनी कारीनचं डोकं अलगद खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि मला हातानं गप्प राहायची खूण करून बाहेर गेल्या. क्लोट्झ मुलीशेजारच्या खुर्चीवर येऊन बसले होते. फेटा, मिशा, हार, सगळं तसंच.

मी जवळ गेले. सहाला दहा मिनिटं कमी होती. "उठवू का तिला?"

"नको."

"मला वाईट वाटतं," मी हळू म्हणाले. "एवढी आली, आणि झोपली."

"ती नाट्यगृहात झोपतेच," क्लोट्झ म्हणाले. "तिची आई नर्स होती. रात्रपाळी. घरी कोण? मी हिला बरोबर न्यायचो. कपडेपटात राजांचे झगे असायचे, त्यांच्या ढिगावर ही झोपायची. नाटक संपलं की मी तोंड धुवायचो आणि हिला कोटात गुंडाळून खांद्यावर घ्यायचो. ट्राम बंद झालेली असायची. नदीवरून चालत घरी. बर्फ असला की अर्धा तास." ते तिच्या बुटांकडे बघत होते. "रोज. शाळेत जायला लागेपर्यंत."

"तिला माहीत आहे?"

"कसं असेल? झोपलेली असायची."

मागे इक्बाल आणि मंडळी नेपथ्य उतरवायला लागली होती. कुणीतरी चौकटीचे खिळे उपटत होतं.

त्या आवाजानं कारीन हलली. डोळे न उघडता जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. क्लोट्झनी वाकून दोन शब्दांत उत्तर दिलं. ती पुन्हा स्वस्थ झाली, या वेळी मान बापाच्या खांद्यावर, चंदनाच्या हारावर.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"संपलं का, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, अजून पहिलाच अंक चाललाय."

मी दाराशी गेले आणि किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या चौकीदाराला सांगितलं, की आत अजून नाटक चालू आहे.